आयलुकची माणसं तुमच्या यादीत का नाहीत?

मा. ऊर्जामंत्री, अमेरिका सरकार यांस,

स.न.वि.वि.

मी महाराष्ट्रात वाढले, आता तुमच्या देशात राहते, इथेच कर भरते. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या लोकांसाठी तुमच्याकडे काही मागायचं आहे.

१ मार्च १९५४ च्या पहाटे तुमच्या सरकारने तिथल्या बिकिनी बेटावर ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब उडवला. अंदाज सुमारे ६ मेगाटनांचा होता, स्फोट १५ मेगाटनांचा झाला. जळालेल्या प्रवाळाची किरणोत्सर्गी भुकटी पूर्वेकडे वाहत गेली. रोंगेलाप बेटावर ती पोरांच्या अंगावर, पिण्याच्या पाण्यात पडली. कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या रोंगेरिक बेटावरचे २८ अमेरिकी सैनिक दुसऱ्याच दिवशी हलवले गेले. रोंगेलापचे लोक ३ मार्चला निघाले, उटिरिक बेटाचे त्यानंतर. आयलुक बेटावर सुमारे ४०० माणसं होती. एवढ्यांना हलवण्याचा खटाटोप नको, असं ठरलं आणि त्यांना तिथेच ठेवलं.

तुमच्या खात्याचा खास वैद्यकीय कार्यक्रम आजही रोंगेलाप आणि उटिरिकच्या तेव्हाच्या रहिवाशांपुरताच आहे. ज्यांना तुम्ही बाहेर काढलं, ते बाधित. ज्यांना काढलंच नाही, ते यादीबाहेर. हा कसला न्याय, साहेब? १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ चाचण्या झाल्या, आणि भुकटीने बेटं निवडून घेतली नव्हती.

रोंगेलापवाल्यांनाही सगळं मिळालं असं नाही. १९५७ मध्ये त्यांना दूषित बेटावर परत नेलं. दरवर्षी डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे, मोजमापं करायचे. थायरॉइडच्या गाठी निघाल्या तेव्हा शस्त्रक्रियाही झाल्या, ते मी नाकारत नाही. पण ही माणसं तिथे राहिली तर किरणोत्सर्गाची मोलाची माहिती मिळेल, असं तुमच्याच शास्त्रज्ञांनी अहवालात लिहून ठेवलं होतं. ते वाचताना माझे हात कापले. १९८५ मध्ये ते लोक स्वतःच बेट सोडून गेले.

मार्शल बेटांशी केलेल्या १९८६ च्या करारात १५ कोटी डॉलरचा निधी देऊन सगळे दावे मिटले, असं तुमचं सरकार म्हणतं. त्याच करारातून नेमलेल्या न्यायाधिकरणाने पुढे २०० कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली, पण द्यायला पैसाच उरला नाही. शिवाय सही झाली तेव्हा चाचण्यांची कितीतरी कागदपत्रं गोपनीय होती. ती तुमच्याच खात्याने १९९० च्या दशकात खुली केली. समोरच्याला नुकसान किती हे कळू न देता केलेला सौदा अंतिम कसा मानायचा?

१९५४ च्या एप्रिलमध्ये मार्शलच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता. त्याच महिन्यात नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. दोन्हींनंतरही बॉम्ब फुटत राहिले.

आज मार्शल बेटांच्या देशात कर्करोगावर किरणोपचाराची सोय नाही. रुग्णाला होनोलुलू नाहीतर मनिला गाठावं लागतं, तेही रोग हाताबाहेर जायच्या आत.

म्हणून मागणं असं: आयलुकसह भुकटी पडलेल्या सगळ्या बेटांचे लोक तुमच्या कार्यक्रमात घ्या, १९५४ नंतर दूषित जमिनीवर वाढलेली पिढीही घ्या. त्यांच्या राजधानीत, माजुरोत, कर्करोग उपचार केंद्र उभारा, आणि ते होईपर्यंत रुग्ण व सोबतच्या नातेवाइकाचा प्रवासखर्च तुमच्या खात्याने उचलावा. त्या पहाटे तान्ही असलेली मुलंही आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. तेव्हा याच अर्थसंकल्पात तरतूद करा.

आपली,
एक मराठी करदाती