कुंभार्ली घाटातल्या त्या दोघांचे आभार

रविवारी चिपळूणहून कराडला येताना ऐन चढावर आमच्या 2004 च्या सेडानचा तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ. मी रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो, तर मागच्या टेम्पोतले काका ओरडले, "हात भाजून घ्यायचाय का?"

अर्धा तास थांबवलं, मग स्वतःच्या कॅनमधलं पाणी ओतलं. गाडी सुरू करून एसी लावला (एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला हवा), तरी पंखा ढिम्म. सोबतच्या पोराने फ्यूज पाहिला, शाबूत. मग त्याने हॉर्नचा रिले (वीज चालू-बंद करणारी छोटी डबी) उपटून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला (दोन्ही एकाच जातीचे निघाले) आणि पंखा घरघरला!

कराडपर्यंत हॉर्नविना आलो, वळणावळणावर डिपर मारत. पैसे त्यांनी घेतले नाहीत, नावं विचारायची राहिली. टेम्पोत आंब्याच्या पेट्या होत्या. काका, दादा, मनापासून आभार.