आखाजीचा झोका

जळगाव,
4 मे 2025

प्रिय कुंदे,

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तुझा फोन आला तेव्हा "घरात पाव्हणे आहेत गं" म्हणून मी दोन मिनिटांत ठेवला. पाव्हणे कुणी नव्हते. तू विचारलंस, "झोका बांधला का?" आणि मला तोंड उघडवेना. गेल्या वर्षीही हेच विचारलं होतंस, तेव्हा दादा भाड्याच्या घरात राहतोय हे सांगून निभावलं. आता घर बांधून झालंय, बहाणा उरला नाही.

मागच्या दारचा निंब तोडला, कुंदे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत.

आपण नऊ-दहा वर्षांच्या होतो तेव्हाचं आठवतं का? 1979 साली भाऊंनी घराचा पाया घेतला, आणि त्याच पावसाळ्यात आईने मोरीचं पाणी जिथे वाहत जायचं तिथे ते रोप लावलं. शेजारी तुमची केळ, अळू, कढीपत्ता. दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण होतं, पण ते कुणासाठी होतं देव जाणे, तुझी आई त्यातूनच वाटी सरकवायची. भाऊंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. खरं घर मागेच होतं. उन्हाळ्यात खाटेवर ओलं धोतर अंथरून ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या थापल्या जायच्या. बिबड्या उन्हात, आपण राखणीला निंबाखाली, आणि त्यांचा निम्मा शिजवलेला घाटा आपल्याच पोटात. थंडीत तिथेच कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायची. आता भरीत गॅसवर होतं आणि त्याला गॅसचीच चव येते, कुणी काही म्हणो.

दादाची दोन्ही मुलं मोठी झाली, दोघांनाही वेगळा मजला हवा. खाली पार्किंग, वर तीन मजले. नकाशा काढणारा चांगला माणूस होता, त्याने विचारलंसुद्धा, "झाड ठेवायचं का?" पण ठेवलं तर दुसरी गाडी आत वळत नव्हती. वारस म्हणून कागदावर माझीही सही लागत होती. मी केली. दादाने जबरदस्ती केली असं तुला वाटू नये म्हणून मुद्दाम लिहिते. त्याने पेन पुढे केलं आणि मी चहाचा कप बाजूला ठेवून सही केली, इतकंच झालं.

परवानगी रीतसर घेतली. खोडावर नोटीस डकवली होती, हरकत असेल तर कळवा म्हणून. दोन-तीनदा मी तिच्यासमोर उभी राहून ती वाचली. गल्लीतून कुणाचीच हरकत गेली नाही. माझीही नाही. नंतर भाचा सांगत होता की 1975 च्या झाडांच्या कायद्यात 2021 साली बदल झालाय, पन्नास वर्षं आणि त्यापुढचं झाड 'हेरिटेज' धरतात, ते तोडणं फार अवघड. आपला निंब 44 चा. सहा वर्षं कमी पडली बिचाऱ्याला. त्याच कायद्यात आहे म्हणे, झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावायची. म्हणजे 44. कुठे गं? अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये आधी देऊळ झालं, मग सभामंडप, आणि उरलेल्या पट्ट्यात व्यायामाची लोखंडी यंत्रं, ज्यांना मे महिन्यात हात लावला तर फोड येईल.

तोडायला तिघं आले होते. मशीनच्या करवतीने सकाळी आठला सुरू करून दुपारच्या जेवणाआधी मोकळे. मी वहिनीबरोबर ओसरीत बसले होते. झोक्याची फांदी खाली आली तेव्हा उठून जवळ गेले. दोर घासून घासून तिला दोन खाचा पडल्या होत्या, माझं अख्खं बोट बसेल एवढ्या, आणि दोन्ही खाचांच्या कडेने साल जाड होऊन ओठासारखी वळली होती. इतकी वर्षं त्या फांदीखाली पाय वर फेकून गाणी म्हटली, पण वर काय झालंय ते कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाचं तुला काय सांगायचं! पारा 45 ला टेकणं आपल्याकडे नवीन नाही. पण निंब शहाणा होता. पानगळ उरकून चैत्रात ऊन चढायच्या आत पुन्हा गच्च व्हायचा. मागच्या खोलीत कूलर आला तो भाऊंच्या आजारपणात, त्याआधी कधी लागलाच नाही. आता तिन्ही मजल्यांवर एसी आहेत, आणि त्यांची गरम हवा नेमकी त्या मागच्या बोळात सोडलेली. वहिनी तिथे कपडे वाळत घालायलाही जात नाही. बिबड्या गच्चीवर घातल्या यंदा, पण राखायला बसायचं कुठे? कबुतरांनी पार नासल्या.

आणि हो, झोका बांधला होता. पार्किंगच्या स्लॅबला कडी ठेवून घेतली होती दादाने, "तुझ्यासाठी हो ताई" म्हणाला. भाचीने दोन झोके घेतले, तिसऱ्याला पाय गाडीला लागला आणि गाडी जी बोंबलायला लागली! सगळे हसलो. मीही हसले. मग आमरस-पोळ्या जेवलो.

निघताना वहिनीने जुना दोर पिशवीत घालून दिला. म्हणाली, "नव्या घरात माळा नाही ना ताई, ठेवू कुठे?" माझ्या पलंगाखाली आहे. आईच्या हातची गाठ अजून सुटलेली नाही.

तू दिवाळीत येशील तेव्हा माझ्याकडेच उतर.

तुझी,
शालू