सूचना : 15 ऑगस्टचं झेंडावंदन आणि मुलांचे तक्ते

सर्व सभासदांना नमस्कार.

झेंडावंदन सकाळी 8 वाजता, खाली चौकात. पाऊस असणारच, छत्र्या आणा. दोरी बांधणाऱ्याने केशरी पट्टा वर आहे ना, ते आधीच पाहावं.

मुलांनी तिरंग्याचे तक्ते 12 तारखेपर्यंत सोसायटीच्या ऑफिसात द्यावेत. लांबी-रुंदी 3:2. चक्राचे आरे 24, मोजूनच काढा. गेल्या वर्षी 22 भरले होते! 1931च्या झेंड्यात मध्ये चरखा होता, 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तिथे सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र घेतलं. आपल्या मुंबईच्या मादाम कामांनी 1907 मध्ये जर्मनीत फडकवलेल्या झेंड्यावर ‘वंदे मातरम्’ होतं. तोही कुणीतरी काढाच.

— सचिव