तिसऱ्या सिलिंडरची वायर

गोडोली, सातारा
१४ जुलै

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष झालं आपण बोललो नाही. आज जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि फोनवर माझ्या तोंडून नीट निघणार नाही, म्हणून कागद घेतला. आईचं बीपी गोळीवर बरं आहे, माझा गुडघा आहे तसाच.

तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा सापडला. म्हणजे त्याचं कारण सापडलं.

तू त्या दिवाळीत एअर फिल्टर साफ करून गेलास आणि संक्रांतीला यवतेश्वरच्या घाटात दिवा पहिल्यांदा लागला. चार दिवसांनी आपोआप गेला, महिन्याभरानं परत आला. तेव्हा मी तुला जे बोललो ते माझ्या कानातून अजून जात नाही. 'तू हात लावलास तेव्हापासून गाडी बिघडली.' वर नाक्यावर चौघांतही तेच सांगितलं.

गॅरेजवाल्यानं बॅटरीची वायर काढून दिवा घालवला. बारा दिवसांनी परत! मग म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. साडेचार हजार दिले, सेन्सर नवा, दिवा तोच. बॅटरी काढली की दोषाची आतली नोंदही पुसली जाते हे त्याला माहीत नसेल असं नाही, पण शोधत बसायला वेळ कुणाला आहे?

या पावसाळ्यात मात्र आईला घेऊन वर जाताना दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. नुसता लागलेला दिवा एक वेळ चालतो, लुकलुकणारा नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. एका अंगाला दरी, धुकं, आणि आई विचारतेय, "बंद पडंल का रं?" त्याच रात्री गाडीचे दोष वाचणारा ब्लूटूथचा स्कॅनर मागवला.

स्टिअरिंगखालच्या खाचेत लावला तर कोड आला पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. सोबत दोष नोंदला त्या क्षणाचे आकडेही होते: वेग ३८, इंजिनाचे फेरे मिनिटाला २१००, भार ८० टक्के. म्हणजे चढ. सपाटीला कधीच नाही. प्लगला ठिणगी पुरवणारी तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्याला लावली. कॉइल खराब असती तर पुढच्या खेपेला ०३०१ दिसायला हवा होता. परत ०३०३. मग प्लग दुसऱ्याला लावून बघितला. तरी ०३०३.

आणि तिथं मला तात्यांचं गॅरेज आठवलं. मी एम-८० चा कार्बोरेटर चौथ्यांदा खोलत होतो आणि तू "वायर हलव की लेका!" म्हणून पान्हा फेकून मारला होतास. तुझा नेम असा की पान्हा तात्यांच्या चहात पडला. त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, आणि वायरच निघाली होती.

तेच केलं. इंजिन सुरू ठेवून कॉइलकडं जाणाऱ्या वायरींवरून पंख्यापासून दूर, हळूहळू बोट फिरवत नेलं. बॉडीच्या पट्टीजवळ एके ठिकाणी दाबलं आणि इंजिन थरथरलं. सोडलं, नीट. परत दाबलं, परत थरथरलं. बाळ्या, माझ्या अंगावर काटा आला. चढाला भार आला की इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर मागं कलतं, वायर ओढली जाते आणि पट्टीच्या धारेला घासते. वरचं रबर नखाएवढं गेलेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली.

आणि त्याच्या शेजारी तू बांधलेला प्लॅस्टिकचा टाय होता. मूळची क्लिप तुटलेली बघून तू टेपचा वेढा दिला होतास, त्यावर पांढरा टाय आवळला होतास. टेप जागेवर आहे. टाय मधोमध कापलेला, अर्धा टेपला चिकटलेला. फाईलमधून बिलं काढली. ३ डिसेंबर, सर्व्हिसिंग, चार प्लग नवे. प्लग काढायला त्यांनी टाय कापला आणि परत बांधलाच नाही. मी तिथंच उभा होतो रे, चहाचा ग्लास हातात घेऊन. तू बांधून गेलास म्हणून तोवर गाडी चालत होती.

तार चकचकीत लागेपर्यंत मागं कापली, डाख दिला, वर हीटश्रिंकची नळी आवळली आणि तुझ्याच जागी नवा टाय बांधला. सगळा खर्च साठ रुपये. कोड मुद्दाम पुसला नाही. गाडीच्या सलग तीन खेपांत दोष दिसला नाही तर दिवा स्वतःच विझतो, पण मिसफायर असेल तर गाडी इंजिनाच्या साधारण त्याच फेऱ्यांना, त्याच भाराला चालवावी लागते. म्हणून तीन दिवस रोज आईला घेऊन भर पावसात यवतेश्वर. आईला वाटलं मी देवभक्त झालो. चौथ्या दिवशी चावी फिरवली, सगळे दिवे लागले, इंजिन सुरू झालं, आणि बाकीच्यांबरोबर तोही गेला.

नाक्यावरच्या चौघांना गाठून सांगून आलोय. तुला सांगायचं राहिलं होतं. माझं चुकलं, बाळ्या.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरगी दहावीला ना यंदा? चाकणला अजून रात्रपाळीच का? गणपतीला सगळे या, आईनं दोनदा विचारलंय.

टायचा तो अर्धा तुकडा पाकिटात घातलाय. तू टोक नेहमी तिरकं कापतोस, तसंच आहे.

तुझा,
भावड्या