जिनिंगच्या फाटकावर १०९७ हा क्रमांक असावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास विदर्भात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा, हंगाम उभा राहतो. फाटकांना रंग लागतो, वजनकाटे तपासले जातात आणि मुकादम गावोगाव फिरून मजुरांच्या टोळ्या ठरवतात. या तयारीत एका छोट्या गोष्टीची, फाटकावर एचआयव्हीविषयीचा मदत क्रमांक लिहिण्याची, भर पडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अनेक वर्षे जिनिंगमध्ये दिवाणजी होतो. हजेरीची आणि मजुरीची वही माझ्याकडे असे. निवृत्तीच्या आधीच्या हंगामात, म्हणजे चार वर्षांपूर्वी, रेच्यावर, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रावर, काम करणाऱ्या एका तरुणाच्या पिशवीत एचआयव्हीवरील गोळ्यांची बाटली सापडली. टोळीतल्या एकाच्या नात्यात तेच औषध चालू असल्याने त्याने ती ओळखली. संध्याकाळपर्यंत आवारभर बोभाटा झाला, दुसऱ्या दिवशी रांजणावरचा त्याचा पेला वेगळा ठेवला गेला आणि तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने मला त्याचा हिशेब करून टाकण्यास सांगितले. मी हिशेब केला, पैसे मोजून दिले आणि वहीतले त्याचे नाव काटले. जाताना त्याने मला विचारले, ‘‘दिवाणजी, हे कोणाले सांगता येते का जी?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. तो शिफ्टमध्ये कधी कमी पडला नव्हता, हे मात्र माझ्याच वहीत लिहिलेले होते.

उत्तर होते, हे मला नंतर कळले, आणि त्याची खंत आजही आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. केवळ एचआयव्हीची लागण आहे म्हणून कोणाला कामावरून काढता येत नाही. काढायचेच असेल, तर त्या व्यक्तीपासून इतरांना संसर्गाचा ठळक धोका आहे किंवा ती व्यक्ती ते काम करण्यास असमर्थ आहे, असे स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाने लेखी द्यावे लागते. शिवाय त्या व्यक्तीसाठी कामात किरकोळ सवलत देणे आपल्याला का झेपणार नाही, हे मालकालाही लेखी सांगावे लागते. कामावर घेण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यासही हा कायदा मनाई करतो. रुईच्या ढिगाजवळ उभे राहिल्याने, एका रांजणाचे पाणी प्यायल्याने किंवा एकाच गठाणीला हात लावल्याने हा विषाणू पसरत नाही. मग त्या तरुणाबाबत कोणत्या तज्ज्ञाने काय लिहून दिले असते?

कायद्याच्याही आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या बाजूने असाच निकाल दिला होता. कामास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात कामगाराचे खरे नाव उघड होऊ नये म्हणून ‘एमएक्स’ ही अक्षरे वापरली गेली. नाव झाकून न्याय मागता येतो, ही गोष्ट आमच्या मजुरांपर्यंत इतक्या वर्षांत कोणी पोहोचवली नाही.

शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा, असे हा कायदा सांगतो. अडचण येथेच आहे. आमच्याकडे चाळीस माणसे एका ठेकेदाराची, पंचवीस दुसऱ्याची, हमाल तिसऱ्याचे, त्यामुळे कोणाचीच यादी शंभरावर जात नाही आणि अधिकारी नेमण्याची वेळ कोणावर येत नाही. परंतु भेदभावाची मनाई माणसांच्या संख्येवर अवलंबून नाही, ती सर्वांनाच लागू आहे. तसेच या कायद्याखालच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक राज्यात लोकपालाची तरतूद आहे. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत त्याने आदेश द्यायचा असतो आणि तो आदेश न पाळणाऱ्यास दंड होतो. लहान जिनिंगमधल्या मजुराला याच दाराचा आधार आहे, पण हे दार कुठे आहे ते त्याला सांगणार कोण?

दुसरी बाब औषधाच्या दिवसाची. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी, औषधे सरकारकडून २००४ पासून मोफत मिळतात, आणि आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी पुरते. नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतका कमी होतो की लैंगिक संबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. मात्र औषध आणण्यासाठी पुष्कळांना जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने जावे लागते, त्यात आख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. त्याहून कठीण म्हणजे मुकादमाचा प्रश्न, ‘‘कुठे चालला?’’ दोनदा खोटे सांगून झाले की तिसऱ्यांदा माणूस जाणेच टाळतो, आणि औषधात खंड पडतो. महिन्यातून एक दिवस कारण न विचारता रजा दिली, तर मालकाचे फारसे काही बिघडत नाही. कायद्यातल्या किरकोळ सवलतीचा अर्थ मला तरी हाच दिसतो.

दरवर्षी १ डिसेंबरला तालुक्याच्या रस्त्यांवरून विद्यार्थ्यांची जनजागृती फेरी निघते. ती चांगलीच आहे. परंतु नेमका तो काळ जिनिंगच्या भराचा असतो. ज्या मजुराने ती ऐकायला हवी, तो रेच्यांच्या आवाजात उभा असतो. म्हणून माहिती फाटकावरच हवी. १०९७ हा मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक, जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राची खोली आणि वेळ, चाचणी मोफत व गोपनीय असल्याची एक ओळ, आणि या कारणावरून कामावरून काढता येत नाही ही दुसरी ओळ, एवढा मजकूर पुरेसा आहे. तो पाण्याच्या रांजणाशेजारी नको, कारण तेथे थांबून वाचणाऱ्याकडे सगळे बघतात. कापसाच्या भावाच्या फलकाखाली असावा, तेथे प्रत्येक जण थांबतोच.

मी जेथे काम केले, तेथील मालकांना गेल्या आठवड्यात भेटून भिंतीची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली असून रंगाचा खर्च मी करीत आहे. तालुक्यातील इतर जिनिंगमालकांनी, आणि कापसाच्या यार्डात हमाल-मापाऱ्यांची मोठी वर्दळ असणाऱ्या बाजार समितीनेही, हंगामाचा पहिला कापूस येण्यापूर्वी एवढे करावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करतो. त्या तरुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा