चायनीज चहा उकळायचा नसतो

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'चायनीज हॉटेलसारखा चहा घरच्या घरी' ही कृती वाचली. ग्रीन टीच्या दोन पिशव्या, आले, दालचिनी, मध आणि लिंबू असे सगळे पातेल्यात घालून पाच मिनिटे उकळायचे, असे तीत म्हटले आहे. सर्दी झालेल्या माणसाला हे जरूर द्यावे. चायनीज हॉटेलातल्या चहाशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. मुलगी टोरांटोजवळ राहते, त्यामुळे तिकडच्या चिनी हॉटेलांत जेवणे होते. टेबलाशी बसले की बहुतेक ठिकाणी न मागता चहाची किटली समोर येते. किटली रिकामी होत आली की झाकण किंचित कलते ठेवायचे, वेटर गरम पाणी ओतून जातो. आभार म्हणून दोन बोटे टेबलावर हलकेच वाजवायची. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर मंचुरियन मिळते, शेजवान चटणी हवी तेवढी मिळते, चहाला मात्र उठून अमृततुल्यातच जावे लागते. तो चहा प्यायचा तर घरी करण्याला पर्याय नाही, आणि करायला तो फार सोपा आहे.

त्या किटलीत बहुतेकदा ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) असतो किंवा मोगऱ्याचा वास दिलेली हिरवी पत्ती. काही ठिकाणी दोन्हींचे मिश्रण. हाँगकाँग पद्धतीच्या डिमसमच्या, म्हणजे छोट्या वाफवलेल्या-तळलेल्या पदार्थांच्या, हॉटेलांत पु-अर नावाचा गडद, मातकट वासाचा चहाही देतात. तळलेल्या खाण्यावर तो मला सगळ्यांत आवडतो, पण पहिल्या घोटाला पुणेकर माणूस तोंड वाकडे करणार हे नक्की.

यातली पत्ती अख्खी आणि सुटी असते. आपण रोज वापरतो ती सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून, फाडून, वळून गोळ्या केलेली. 1930 च्या दशकात आसामात सुरू झालेली ही पद्धत दूध-साखरेच्या चहाला उत्तम; रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. पण तिने आपल्याला उकळण्याची सवय लावली. हिरवी पत्ती खळखळत्या पाण्यात टाकली की तिच्यातले कडू-तुरट पदार्थ भराभर उतरतात, आणि नाजूक गोडवा असला तरी तो त्याखाली झाकला जातो. मग तो कडवटपणा मारायला मध आणि लिंबू लागते!

माप सांगते. अर्धा लिटर पाण्याला चार ग्रॅम पत्ती. चमच्याचे माप धरू नये, कारण घट्ट वळलेला ऊलाँग चमच्यात जास्त मावतो आणि फुलकी हिरवी पत्ती कमी. मोगऱ्याच्या हिरव्या पत्तीला पाणी 80 अंशांच्या आसपास हवे: पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरू लागले की गॅस बंद. ऊलाँगला 90 ते 95. पु-अरला उकळतेच पाणी, आणि पहिले पाणी लगेच ओतून टाकायचे. (पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच असल्याने आपले पाणी 98 अंशांनाच उकळते. पु-अरचे त्यामुळे काही अडत नाही.) दोन-तीन मिनिटांत पहिला कप ओतावा. चहा फिका दिसतो, तसाच असायला हवा. तुळशीबागेत मिळते ती स्टीलची झाकणाची किटली पुरते.

हॉटेलातली चव येण्यासाठी महत्त्वाचे म्हणजे पत्ती काढायची नाही. किटली तळापर्यंत रिकामी न करता तिसरा हिस्सा चहा आत ठेवावा आणि वरून गरम पाणी भरावे. जेवण संपेपर्यंत तीच पत्ती चालते. आमचे यजमान असे तीन-चार कप रिचवतात आणि मग "आता चहा टाक" म्हणतात, तो भाग वेगळा.

आता मोगऱ्याविषयी, कारण पुणेकरांना यात मोठी सोय आहे. चीनमध्ये या चहाला जे फूल वापरतात तो आपला मोगराच. वसंतात खुडलेली पत्ती वाळवून उन्हाळ्यापर्यंत जपतात. मग संध्याकाळी उमलायच्या बेतात आलेल्या कळ्या तिच्यात मिसळून रात्रभर ठेवतात. सकाळी फुले चाळून काढतात, आणि फुलांचा ओलावा पत्तीने ओढलेला असतो म्हणून ती पुन्हा वाळवतात. उंची चहाला हे अनेकदा करतात.

घरी एकदा केले तरी चालते. हिमाचलातल्या कांगड्याची अख्ख्या पानांची हिरवी पत्ती आणावी, तिन्हीसांजेला मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या डब्यात पत्तीबरोबर थरावर थर ठेवाव्यात. सकाळी कळ्या वेचून पत्ती कोमट तव्यावर, गॅस बंद करून, कुरकुरीत होऊ द्यावी. कळ्या मात्र स्वतःच्या कुंडीतल्या घ्याव्यात. मंडईत गजऱ्यासाठी येणाऱ्या फुलांवर कीटकनाशक मारलेले असू शकते, आणि ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात. हा उद्योग चैत्र-वैशाखातच करावा. पावसाळ्यात पत्ती सादळते आणि तिला बुरशी धरते.

– एक निवृत्त शिक्षिका, एरंडवणे, पुणे