पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दादांना, ज्यांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट आमच्याकडे तोंड करून ठेवलं

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बिलावर दुकानाचं नाव आहे पण ते इथे टाकत नाही, आमचे चिरंजीव म्हणाले आई जाहिरात वाटेल. आठवतंय का बघा, भर पावसात मोराच्या चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट घेऊन एक बाई आली होती, सोबत अकरावीतला लांबुळका मुलगा, जो प्रत्येक प्रश्नाला "हं" एवढंच उत्तर देत होता. ती मी. तळेगावहून लोकलने आलो होतो, सगळा प्रवास ते धूड त्याच्या मांडीवर, समोर बसलेल्या आजींना वाटलं आत देवाची मूर्ती आहे, त्यांनी बिचाऱ्यांनी पाय आखडून घेतले.

तीन आठवडे झाले. रोज रात्री लिहायचं ठरवते आणि रोज डोळा लागतो. आज शाळेला सुट्टी आहे (मी शाळेत क्लार्क आहे, सांगितलं होतं बहुतेक, मी त्या दिवशी जरा जास्तच बोलले) म्हणून बसलेय.

तर आधी मागचं सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही विचारलंत "आधी कुठे दाखवलं होतं का" आणि मी नुसतं "हो" म्हणून गप्प झाले. खरं म्हणजे सांगितलं असतं तर रडले असते, दुकानात गर्दी होती.

गेल्या दिवाळीत बोनस आला त्यात थोडे घालून ऑनलाइन हा तयार गेमिंग पीसी घेतला. मुलाला गेम खेळायचाय हे आहेच, खोटं कशाला बोलू, पण त्याला ते ब्लेंडर शिकायचंय, थ्रीडीचं, फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर आणि रात्र रात्र तो त्यात एक खुर्ची बनवत बसायचा. फोटोत पीसी असा झगमग की विचारू नका. पुढे तीन फॅन, सात रंगाचे दिवे, बाजूला काच. आत काय आहे हे वाचायची अक्कल मला नव्हती आणि त्याला होती पण घरात पहिल्यांदा एवढी मोठी वस्तू येतेय म्हटल्यावर तो कशाला तोंड उघडतोय. आला, लावला, आणि आठवड्याभरात अडकायला लागला. गेम अडकतो, ब्लेंडर अडकतं, ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या तर माऊसपण अडकतो. मी विचारलं की म्हणायचा "चालतंय आई". हे "चालतंय" मला चांगलं माहितीये, माझे वडील चप्पल फाटली तरी "चालतंय" म्हणायचे.

कंपनीला फोन केला, आठ वेळा. प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि जुनाच सल्ला, विंडोज अपडेट करा, ड्रायव्हर अपडेट करा, बंद करून चालू करा. नवव्यांदा मीच त्याला सांगितलं की बंद करून चालू केलंय हो, तुम्ही पण एकदा करून बघा.

मग गावातल्या एका दुकानात नेलं. तिथला माणूस माझ्याशी बोललाच नाही. मुलाकडे बघून म्हणाला "पप्पांना पाठव". पप्पा चाकणला शिफ्टला असतात, पैसे मी देणार, पीसी मी घेतला, पण पाठवायचं पप्पांना. कॅबिनेट आत नेलं, पडद्यामागे, आम्ही जरा पुढे झालो तर "मॅडम बाहेर थांबा, इथे सामान असतं". चार दिवस ठेवून घेतलं. बाराशे रुपये सर्व्हिसिंगचे. काय केलं विचारलं तर "क्लिनिंग केलंय, पण मॅडम ह्याला ग्राफिक कार्ड टाकल्याशिवाय काही होणार नाही", आणि रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीचा भाव सांगितला, लावून सोळा हजार. माझा चेहरा बघून म्हणे हप्ते करून देतो. आणि घरी आल्यावर मुलगा हळूच म्हणाला, आई जाहिरातीत रॅम ३२०० च्या वेगाची लिहिलीये आणि आता इथे २६६६ दाखवतंय. आता ती त्याने बदलली का कंपनीनेच तसली पाठवली होती का नुसतं सेटिंग आहे, आम्हाला काय कळणार. आधी आत काय होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. भांडायला गेले असते तर कशाच्या जोरावर. गिळलं. मुलगा दोन दिवस जेवताना बोलला नाही आणि मला वाटत राहिलं की आपण बाई म्हणून गंडलो का आई म्हणून.

एवढं सगळं डोक्यात घेऊन आम्ही तुमच्या काउंटरसमोर उभे होतो. मी तर ठरवूनच आले होते की चार दुकानात भाव विचारायचा, कुणाच्या हातात मशीन द्यायचं नाही.

आणि तुम्ही काय केलंत, काउंटरची फळी वर केलीत, आतलं प्लास्टिकचं स्टूल ओढून म्हणालात "ताई आत या, बसा". बसले. मग बाजूची काच काढलीत आणि कॅबिनेट फिरवून उघडी बाजू आमच्याकडे केलीत. मला आधी कळलंच नाही. वाटलं जागा कमी म्हणून असेल. पण मग बघते तर तुम्हाला स्वतःला आतलं धड दिसत नव्हतं, वरून वाकून, मान तिरकी करून, हात उलटा घालून काम करत होतात, एकदा तर स्क्रू खाली पडला आणि तो शोधायला पाच मिनिटं गेली. पोऱ्याने कॅबिनेट सरळ करायला हात घातला तर तुम्ही म्हणालात "राहू दे, त्यांना दिसू दे". बास. तुमच्या लक्षातही नसेल. पण दादा मी तिथे स्टुलावर बसून मोबाईलची बॅटरी आत धरली होती ना, तेव्हा माझा हात थरथरत होता, तो वजनाने नव्हता.

गिरणीत आपण आपल्या डब्याजवळ उभं राहतो ना, आपलाच गहू आपल्यासमोर पडताना बघायला, तसं वाटलं. आमचा गिरणीवाला कधीच कुणाला "बाहेर थांबा" म्हणत नाही. आमच्या आळीत एक शिंपी होते, ब्लाउज शिवला की उरलेला वीतभर तुकडा घडी घालून ब्लाउजातच ठेवायचे. त्या तुकड्याचं काही होत नाही हो, बटव्याचं अस्तरसुद्धा होत नाही. पण आई म्हणायची यांच्याकडे कापड मोजून द्यायला लागत नाही. आता आमचं आयुष्य बंद डब्यातल्या वस्तूंनी भरलंय, फोन, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांना स्टिकर लावलेलं की उघडलं तर वॉरंटी गेली, आणि उघडणारा माणूस पडद्यामागे. असो. मी फारच लांब गेले.

बाकी कामाचं मी सगळं लिहीत नाही, मला सगळं कळलंही नाही. पण जे कळलं ते डोक्यात पक्कं बसलंय आणि त्याचं श्रेय तुमचं. स्टिकर तुम्ही मुलाला मोठ्याने वाचायला लावलेत. आठ जीबीची एकच रॅम, २६६६ ची, शेजारची खाच रिकामी. तुम्ही म्हणालात हा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आहे, ह्याचं ग्राफिक्स आतच आहे, ते रॅममधूनच जागा खातं आणि रॅमवरच धावतं, दोन रॅम लावल्या की दोन रस्ते होतात, इथे एकच चालू आहे. मला रस्ता नाही, आमच्या लहानपणीच्या चाळीतला नळ आठवला. दोन नळ होते, एक कायम बंद, आणि अख्खी चाळ एका नळावर. पाणी होतं, टाकी भरलेली होती, नळ बंद होता! वर आठातले दोन जीबी ग्राफिक्सच बाजूला काढून बसलेलं, म्हणजे राहिले सहा, त्यात विंडोज, त्यात खुर्ची. सात रंगाचे दिवे लावायला पैसे होते त्यांच्याकडे, दुसरी रॅम लावायला नव्हते.

आणि ते गणित. तो एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, काढून माझ्या एका हातात दिलात आणि दुसऱ्या हातात तुमच्याकडचा. आमचा म्हणजे रिकामा डबा वाटला. वर ठळक ४५० वॅट लिहिलेलं. तुम्ही मुलाला म्हणालात बारा व्होल्टच्या रकान्यात बघ किती अँपिअर आहेत. चौदा. गुण. चौदा बारे एकशे अडुसष्ट. म्हणजे ज्याच्यावर खरं काम चालतं तिथे १६८ वॅट. प्रोसेसरचे ६५ धर, त्या सोळा हजारांच्या कार्डाचे १०७ धर. एकशे बहात्तर. फॅन, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीत. मुलगा पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, "म्हणजे कार्ड लावलं असतं तर उडालं असतं". तुम्ही म्हणालात उडालंच असतं असं नाही पण मी माझ्या घरी लावलं नसतं. शिवाय ह्या प्रोसेसरवर ते कार्ड अर्ध्याच वेगाने डेटा घेणार हेही सांगितलंत, त्याला डेटा यायला-जायला फक्त चारच लेन असतात आणि आमचा प्रोसेसर जुन्या पीसीआय ३.० वर आहे असं काहीतरी. कार्ड वाईट नाही, तुमच्यासाठी नाही, असं म्हणालात. ते वाक्य मला फार आवडलं. मागच्या शोकेसमध्ये पाच-सहा कार्डं होती, एकाकडे बोट केलं असतंत तर मी त्या मनःस्थितीत घेतलंही असतं. उलट म्हणालात वर्षभर थांबा, पुढे घ्यायचंच तर एनव्हीडियाचं ७० वॅटवालं ३०५० कार्ड बघा सहा जीबीचं, ते खाचेतूनच वीज घेतं, वेगळी वायर लागत नाही. तोपर्यंत पोराला खुर्ची बनवू दे.

नवीन रॅमचा भाव ऐकून तर मी उठलेच होते स्टुलावरून. ते एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी मेमरी उचलल्यामुळे भाव चढलेत म्हणालात. जगात कुठे काय चाललंय आणि फटका तळेगावात. मग तुम्ही दोन ड्रॉवर उपसून एक वापरलेली काढलीत, आठ जीबी २६६६, आमच्यासारखीच, आणि "वापरलेली आहे" हे आधी सांगितलंत, भाव नंतर. बिलावर पण हाताने लिहिलंत "वापरलेली, ६ महिने माझी गॅरंटी". ते बिल मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. रॅम मात्र मुलाला बसवायला दिलीत, दोन्ही बाजूने टक टक आवाज येईपर्यंत दाब म्हणालात. तो घाबरला होता, बोर्ड वाकतंय म्हणाला, तुम्ही म्हणालात "दाब रे, मी आहे". बदललेला एसएमपीएस धरून सगळं मिळून पाच हजार सहाशे. सोळा हजार कुठे.

निघताना चादरीची गाठ मारत होते तेव्हा तुम्ही विचारलंत, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का घरी? येतात की! मुलगा तर पायात चप्पल घालूनच बसायचा, आम्हाला वाटायचं असतंच असं. तुम्ही म्हणालात एसएमपीएसमधून थोडा करंट बॉडीला येतो, तो अर्थिंगमधून निघून जायला पाहिजे, तुमच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, आधी वायरमनला बोलवा, हे पीसीपेक्षा महत्त्वाचं आहे. यात तुमचा एक रुपयाचा धंदा नव्हता. वायरमन आला, सॉकेट उघडलं, मागे हिरवी वायर होती पण नुसती वळवून सोडलेली, लावलीच नव्हती कुणी. दीडशे रुपये. आता झिणझिण्या बंद. आणि तो माणूस सॉकेट उघडत होता तेव्हा मी मुद्दाम शेजारी जाऊन उभी राहिले, बॅटरी घेऊन. त्याला आवडलं नाही बहुतेक.

पीसीचं सांगायचं तर मुलाने वहीत आकडे लिहून ठेवलेत, त्याच्या त्या गेममध्ये आधी सेकंदाला ३८ फ्रेम यायच्या आता ५७. मला ३८ आणि ५७ मधला फरक डोळ्याने कळत नाही हो. मला एवढं कळतं की परवा जेवायला हाक मारली तर आतून "आलो" असा आवाज आला, आणि आला नाही. पूर्वी लगेच यायचा. आणि खुर्ची पूर्ण झाली. तिच्या एका पायाची लांबी कमी आहे असं मला वाटतं पण बोलले नाही.

एक तक्रार मात्र आहे. जुना एसएमपीएस तुम्ही "तुमची वस्तू आहे" म्हणून पिशवीत घालून परत दिलात. तो आता कपाटावर पडलाय. भंगारवाला तीस रुपये म्हणतोय, मुलगा म्हणतो टाकू नको उघडून बघायचाय, मी सांगितलंय हात लावलास तर बघ, आत करंट साठून राहतो म्हणे. तेव्हा तो तुमच्याकडेच परत आणतेय, तुम्हीच काय ते करा.

दसऱ्यानंतर येईन. भाचीचा लॅपटॉप आहे, गरम होतो आणि विमानासारखा आवाज करतो, तिलाही कुणीतरी "नवीन घ्या" सांगितलंय. या वेळी दोन स्टुलं लागतील. माझी बहीण पण येतेय आणि ती माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते.

तुमची,
मोराच्या चादरीवाली ताई
(काकू न म्हणता ताई म्हणालात, त्याचे वेगळे आभार)